सुपारी ठरण्यापासून वायर गुंडाळेपर्यंत: नाशिकच्या छोट्या रॉक बँडसाठी

पहिल्यांदा पैसे घेऊन वाजवलं तेव्हा आम्ही गंगापूर रोडवरच्या एका कॅफेत दुपारी पावणेपाचला पोचलो आणि रात्री पावणेबाराला निघालो. सात तासांत प्रत्यक्ष वाजवलं ५२ मिनिटं. बाकीच्या वेळात सोफे सरकवले, प्लग शोधले, मालकाच्या मेव्हण्याशी आवाजावरून हुज्जत घातली, आणि गायकाला माइकचा शॉक बसल्यावर अर्धा तास सगळे एकमेकांकडे बघत बसलो. रियाज केला होता तो त्या ५२ मिनिटांचा. बाकी सहा तासांची तयारी शून्य. हा लेख त्या सहा तासांबद्दल आहे. गाणी बसवायची कशी, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळत असेल.

आपल्याकडे छोट्या रॉक बँडच्या वाट्याला येतात त्या जागा मुळात बँडसाठी बांधलेल्या नसतात. कॅफे असतो, लॉन्स असतं, कॉलेजच्या पटांगणातला मांडव असतो, सोसायटीचं पार्किंग असतं. त्यामुळे जागेने आपल्याला काही द्यावं ही अपेक्षा सोडायची आणि शक्य तेवढी जागा आपणच सोबत घेऊन जायची. सतरंजीपासून अर्थिंगच्या टेस्टरपर्यंत.

आधी चाळीस मिनिटं पक्की करा

सिडकोत किंवा इंदिरानगरात फ्लॅटमध्ये ड्रम वाजवून पाहिलेत तर दुसऱ्या दिवशी सोसायटीचे चेअरमन दारात उभे असतात. आम्ही शेवटी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या एका गाळ्यात जागा मिळवली. रविवारी लेथ बंद, आजूबाजूला राहणारं कुणी नाही, लोखंडाच्या किसाचा आणि कूलंटचा वास सोडला तर तक्रारीला जागा नाही. सातपूर-अंबडमध्ये नातेवाइकाचा, मित्राच्या वडिलांचा गाळा नाही असा नाशिककर विरळा. विचारून बघा. विजेचं बिल आपण भरू असं आधीच सांगितलं की बोलणं सोपं जातं.

गाळ्यात गाणी सुटी सुटी वाजवू नका. शेवटचे तीन रियाज असे करा: सगळे उभे, क्रम ठरलेला, मध्ये न थांबता चाळीस मिनिटं, आणि समोर दहा फुटांवर मोबाइल रेकॉर्डिंगला लावलेला. ऐकताना गाण्यांपेक्षा मधल्या फटी ऐका. आमच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये दोन गाण्यांमधला सगळ्यांत मोठा खंड सव्वादोन मिनिटांचा निघाला. एक गिटार ट्यून होतेय, बेसवाला पाणी पितोय, गायक ‘पुढचं कुठलं?’ विचारतोय. एवढ्या वेळात समोरचा माणूस मोबाइल काढतो आणि मग तो परत येत नाही.

क्रम लावताना एकाच ट्यूनिंगची गाणी सलग ठेवा. पहिलं गाणं असं घ्या ज्यात गायकाला वरची पट्टी गाठायची नाही. भरलेल्या जागेतला खरा साउंड चेक (आवाज जुळवून पाहणं) त्या पहिल्या गाण्यातच होतो. स्वतःचं गाणं तिसरं किंवा चौथं. ‘आता आम्ही आमचं स्वतःचं गाणं सादर करतो’ असं मात्र म्हणू नका. त्या वाक्यावर लोक वेटरला हाक मारतात. सरळ सुरू करा, संपल्यावर टाळ्या पडल्या तर सांगा कुणाचं होतं ते.

एक निरीक्षण, पटलं तर घ्या. रॉकचा ठोका दोन आणि चारवर असतो. नाशिकचा कान मात्र ढोलावर वाढलेला आहे, इथली टाळी समेवर पडते. सुरुवातीला आमचा ड्रमर वैतागायचा, लोक उलटं वाजवतात म्हणून. मग एका गाण्याच्या मध्यात त्याने स्नेअर (समोरचा कडक वाजणारा ड्रम) सोडून फ्लोअर टॉमवर (जमिनीवरच्या मोठ्या, घुमणाऱ्या ड्रमवर) ढोलाचा हात धरला, आठ आवर्तनं, बाकी सगळी वाद्यं बंद. मागच्या टेबलावरची मंडळी तेव्हा पहिल्यांदा आमच्याकडे वळली. आता ती आठ आवर्तनं आमच्या प्रत्येक कार्यक्रमात असतात.

कुठे वाजवायचं

कॉलेज रोड-गंगापूर रोडचे कॅफे आणि हॉटेलं ही सोपी सुरुवात. तिथे मालकाला गर्दी हवी असते आणि गोंगाट नको असतो. दोन्ही एकदम हवं असतं हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं, ते तुम्ही समजून घ्यायचं. कॉलेजची वार्षिक संमेलनं डिसेंबर ते फेब्रुवारीत. पैसे कमी, पण ऐकणारी मुलं खरी, आणि स्टेज-साउंड कॉलेजचा. लग्नातलं संगीत आणि हळद यांत पैसे सगळ्यांत जास्त, त्या बदल्यात निवड तुमची नाही. आम्ही वर्षाला दोन-तीन घेतो आणि त्यांतून वायरी-पेडलं विकत घेतो. लाज वाटून घ्यायचं कारण नाही. सोसायट्यांची कोजागरी आणि ३१ डिसेंबर विसरू नका. प्रेक्षक आजीपासून नातवापर्यंत, पण पुढच्या वर्षीचं बोलावणं तिथूनच येतं.

द्राक्षमळ्यांच्या बाजूला, वाइनरीत वाजवायचं हे नाशिकच्या प्रत्येक बँडचं स्वप्न. सुला वाइनरीचा संगीत महोत्सव, सुलाफेस्ट, २००८ मध्ये सुरू झाल्यापासून तर जास्तच. थेट तिथे पोचणार नाही, पण त्या पट्ट्यातल्या छोट्या रिसॉर्टना शनिवार-रविवारी कुणीतरी वाजवणारं लागतं. तिथे थंडीची वेगळी तयारी लागते, ती पुढे सांगतो. कालिदास कलामंदिर किंवा परशुराम साईखेडकर नाट्यगृह यांच्या मागे सुरुवातीला लागू नका. भाडं भरून रिकाम्या खुर्च्यांना गाणी ऐकवण्यात काही मजा नाही.

ठरवण्याआधी त्या जागी ज्या वारी वाजवायचं त्याच वारी, त्याच वेळी जाऊन एक चहा प्या. पाहायचं ते असं: बँड कुठल्या भिंतीला लागेल, प्लग किती आणि कुठे, समोर काच किती (काच म्हणजे झांजांचा कर्कश आवाज परत तोंडावर), वर छप्पर आहे की उघडी गच्ची, शेजारी दवाखाना किंवा शाळा आहे का, आणि सामान उतरवायला गाडी दारापर्यंत येते का. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय बेसचा ॲम्प एकदा चढवलात की हा प्रश्न पुन्हा विसरणार नाही.

बोलणी आणि बयाणा

ऑर्केस्ट्रावाल्यांची भाषा शिकून घ्या, हॉटेलवाले आणि लग्नवाले तीच बोलतात. कार्यक्रम म्हणजे सुपारी. एका कार्यक्रमाचे पैसे म्हणजे नाइट. आगाऊ रक्कम म्हणजे बयाणा. ‘आमची फी’ म्हटलंत की समोरचा घासाघीस सुरू करतो. ‘नाइट एवढी, बयाणा निम्मा’ म्हटलंत की त्याला कळतं, यांनी याआधीही वाजवलंय.

फोनवर कितीही ठरलं तरी रात्री व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचं आणि त्याचा ‘ओके’ येईपर्यंत तारीख पक्की धरायची नाही. आमचा मेसेज साधारण असा असतो:

‘नमस्कार शेठ. शनिवारी रात्री ८ ते ९.४५ आम्ही वाजवू, मध्ये १५ मिनिटं विश्रांती. आम्ही पाच जण. साउंड तुमचा, यादी सोबत पाठवतोय. आम्ही ५ वाजता येऊ, ७ पर्यंत साउंड चेक संपेल, तोपर्यंत समोरची चार टेबलं रिकामी लागतील. लाउडस्पीकरची परवानगी तुमच्याकडे. पाच जणांचं जेवण. बयाणा निम्मा आज, उरलेले वाजवायला चढण्याआधी. कार्यक्रम दोन दिवस आधी रद्द झाला तर बयाणा परत मिळणार नाही.’

यातलं ‘चढण्याआधी’ महत्त्वाचं. कार्यक्रम झाल्यावर मालक गल्ला मोजत असतो, मॅनेजर ‘शेठ निघून गेले’ म्हणतो, आणि तुम्ही घामाने भिजलेले, हातात सिंबलची पिशवी घेऊन उभे. एका ठिकाणचे उरलेले ३,००० रुपये आम्ही चार महिने मागत होतो. शेवटी दीड हजार आणि दोन सिझलरवर मिटलं.

आमच्या पहिल्या नाइटचा हिशेब सांगतो. मिळाले ४,०००. छोटा हत्ती जाऊन-येऊन १,२००. दोन गिटारींच्या नव्या तारा ६००. चहा-वडापाव ३५०. उरले १,८५०, म्हणजे माणशी ३७०. नाइट सांगताना हे आकडे आधी कागदावर मांडा. आता आम्ही सहा वाटे करतो: पाच माणसांचे आणि सहावा बँडचा. तारा, काठ्या, टेम्पो सगळं त्या सहाव्यातून.

साउंडवाल्याला पाठवायचा कागद

स्टेजचा आराखडा आणि यादी. हातानेच काढा, फोटो पाठवा, पण पाठवा. आराखड्यात वरून पाहिल्यासारखे चौकोन: मध्ये मागे ड्रम, डावीकडे बेस, उजवीकडे गिटार, पुढे गायक, प्रत्येकाच्या पायाशी प्लग कुठे हवा त्याची फुली. यादीत प्रत्येक ओळीला एक वाद्य आणि त्याला काय लागतं ते. किक ड्रम (पायाने वाजवायचा), माइक. स्नेअर, माइक. बेस, डीआय बॉक्स (वाद्य थेट मिक्सरला जोडायची डबी). गिटार, ॲम्पसमोर माइक, छोटा स्टँड. कीबोर्ड, दोन डीआय. मुख्य गायक, माइक आणि उंच स्टँड. कोरस, माइक. शेवटी, मॉनिटर (आपल्याला आपलाच आवाज ऐकू यावा म्हणून आपल्याकडे तोंड केलेले स्पीकर) किती.

डीआय बॉक्सला फॅंटम पॉवर लागणार असेल तर तेही लिहा. तो ४८ व्होल्टचा पुरवठा सहसा मिक्सरमधून येतो, आणि लग्नाच्या साउंडमध्ये कधी कधी इतका साधा मिक्सर असतो की ती सोयच नसते. म्हणून स्वतःचा एक पॅसिव्ह डीआय बॉक्स बॅगेत असू द्या. त्याला वीज लागत नाही.

साउंडवाला मामा बहुधा भजनं, भाषणं आणि डीजे करून आलेला असतो. त्याला रॉक माहीत नाही म्हणून नाक मुरडणारे बँड मी पाहिलेत, आणि त्यांचा गायक कार्यक्रमभर ऐकू येत नाही हेही पाहिलंय. मामाला त्याची मशिन्स आणि ती जागा तुमच्यापेक्षा जास्त कळते. आल्याआल्या चहा विचारा, कागद हातात द्या आणि एकच वाक्य सांगा: ‘मामा, गायकाचा शब्द न् शब्द कळला पाहिजे, बाकी तुम्ही बघा.’

वीज

सामान उतरवण्याआधी बोर्ड तपासायचा. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण बाकी चुकांनी कार्यक्रम बिघडतो, या चुकीने माणूस जाऊ शकतो.

गायकाला बसलेल्या त्या शॉकचं कारण असं होतं. आमचा गिटार ॲम्प काउंटरजवळच्या बोर्डवर होता आणि साउंडची मशिन्स किचनजवळच्या बोर्डवर. काउंटरच्या बोर्डला अर्थिंग नव्हतंच, नुसतं तिसरं भोक होतं. गिटारच्या तारा ॲम्पच्या बॉडीशी जोडलेल्या, माइकची जाळी मिक्सरच्या अर्थशी. गायक गिटारही वाजवतो. बोटं तारांवर, ओठ माइकला, आणि दोन्हींमधला फरक त्याच्या तोंडातून वाहिला. नशीब, थोडक्यावर निभावलं.

म्हणून जागेवर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे सॉकेट टेस्टर. तीन दिव्यांचा, प्लगसारखा खुपसायचा, इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळतो. अर्थ नाही किंवा फेज-न्यूट्रल उलट असं दाखवलं तर तो प्लग वापरायचा नाही. मल्टिमीटर असेल तर आणखी बरं: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम एखाद-दोन व्होल्ट. शेवटचा आकडा मोठा आला तर मालकाच्या वायरमनला बोलवा. बोर्ड उघडायला स्वतः जाऊ नका.

दुसरं, आवाजाची सगळी यंत्रं एकाच बोर्डवरून, एकाच फेजवर. ॲम्प, मिक्सर, स्पीकर, पेडलं, सगळी. दिवे, फ्रीज, कूलर वेगळ्या बोर्डवर. १६ अँपिअरच्या प्लगमधून साधारण ३,६०० वॉट निघतात, ६ अँपिअरच्या साध्या प्लगमधून १,४०० पेक्षाही कमी. आजच्या एलईडी दिव्यांचं ओझं नाही, पण मांडववाल्याने जुने हजार-हजार वॉटचे पार लाइट आणले असतील तर ते तुमच्या बोर्डच्या आसपासही नकोत.

हमिंग येत असेल तर आधी कान लावा. विजेचा सूर ५० हर्ट्झचा, म्हणजे बेसच्या ई तारेवर तिसऱ्या पट्टीतल्या (फ्रेटवरच्या) जी सुराच्या अगदी जवळचा. तो सूर ऐकू आला तर घोटाळा अर्थिंगच्या लूपचा (यंत्रं दोन वाटांनी अर्थला जोडली गेल्याचा) किंवा सिंगल कॉइल पिकअपचा (गिटारीतल्या, तारांचा आवाज पकडणाऱ्या एकेरी वेटोळ्याचा) आहे. गिटारवाल्याला जागेवर गोल फिरायला सांगा. फिरल्यावर हम कमी-जास्त झाला तर पिकअपचा, नाही झाला तर लूपचा. लूप असेल तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं. प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे वस्ताद भेटतील, ‘आवाज लगेच जातो बघा’ म्हणतील. आवाज जातो, आणि त्याबरोबर तुमचा विमाही.

लाईट जाणार हे धरूनच चला. जनरेटर असेल तर साउंड चेकच्या वेळी मुद्दाम एकदा चालू करून घ्या आणि व्होल्टेज पाहा. लाइनवरून जनरेटरवर जाताना दोन-चार सेकंदांची फट पडते. ॲम्पला त्याचं काही नाही, पण डिजिटल मिक्सर आणि मल्टिइफेक्ट प्रोसेसर बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. आम्ही कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस नेतो आणि या दोनच गोष्टी त्यावर लावतो.

सामान

छोट्या हत्तीत आधी बेस ॲम्प आणि ड्रमची खोकी, वर गाद्या, गिटारी सगळ्यांत शेवटी किंवा मांडीवर. जून ते सप्टेंबर ताडपत्री, आकाश निरभ्र असलं तरी. शुक्रवारी-शनिवारी संध्याकाळी अंबडहून मुंबई नाक्यामार्गे निघायचं तर अर्धा तास जादा धरा.

बॅगेत जादा असावं ते: गिटारच्या तारांचे दोन संच, बेसची एक जी तार, दोन जॅक केबल, दोन एक्सएलआर (माइकच्या केबल), ९ व्होल्टची बॅटरी, ड्रमची चावी, काठ्यांच्या तीन जोड्या, पट्टीचा टॉर्च, गॅफर टेप आणि जाड सतरंजी. सतरंजी ड्रमखाली. टाइल्सवर किक ड्रम प्रत्येक ठोक्याला इंचभर पुढे सरकतो आणि तिसऱ्या गाण्यात ड्रमर त्याच्यामागे जवळजवळ आडवा होऊन वाजवत असतो. वायरींवर टेप लावा, वेटर ट्रे घेऊन त्यांवरून जाणार आहे.

साउंड चेक

छोट्या जागेत पुस्तकी क्रम उलटा करा. मोठ्या स्टेजवर किकपासून सुरू करून गायकावर संपवतात. कॅफेत आधी गायक. त्याचा माइक एकटा चालू करा, शिट्टी यायला लागेपर्यंत वर न्या, मग थोडा खाली आणा. त्या जागेत गायकाला मिळू शकणारा जास्तीत जास्त आवाज तो. आता बाकी सगळे त्याच्या खाली बसले पाहिजेत. ड्रमरने बसून वाजवावं, गायकाने गावं, शब्द कळतात का ते समोर उभं राहून ऐकावं. मग बेस, मग गिटार. या क्रमाचा फायदा असा की गिटारवाल्याला ‘कमी कर’ म्हणून सांगावं लागत नाही, त्याला स्वतःच दिसतं की वर जायला जागा उरलेली नाही. (दिसतं म्हणजे सहसा दिसतं.)

शिट्टी मारत असेल तर आवाज कमी करण्याआधी जागा बदलून पाहा. मुख्य स्पीकर माइकच्या पुढे हवेत, मागे नकोत. मॉनिटर माइकच्या शेपटीच्या बरोबर समोर. गायकाने माइकची जाळी मुठीत धरायची नाही. तसं धरल्यावर माइक सगळीकडून आवाज घ्यायला लागतो आणि किंचाळतो. गायकाच्या चॅनलवर १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, घुमणं निम्मं कमी होतं.

ॲम्प १५ वॉटचा पुरतो. १०० वॉटचा ॲम्प १० वॉटच्या दहापट मोठा वाजत नाही. फरक १० डेसिबलचा, कानाला साधारण दुप्पट. छोटा ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलवा, म्हणजे त्याचं तोंड तुमच्या कानाकडे होईल. जमिनीवरचा ॲम्प तुमच्या पोटऱ्यांना ऐकवतो आणि पुढच्या टेबलावरच्या माणसाचं डोकं उठवतो. ड्रमसाठी किकमध्ये जुनी रजई, स्नेअरवर कडेला पाकीट, आणि काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुड्या. ड्रमर कुरकुर करेल. करू द्या.

रिकाम्या खोलीत थोडं चकचकीत वाटलं तर तसंच राहू द्या. माणसं भरली की त्यांच्या अंगा-कपड्यांत वरचे सूर मुरतात आणि आवाज आपोआप मऊ होतो. सगळं झालं की दोन तुकडे वाजवा: सगळ्यांत दणदणीत गाण्याचा मुखडा, आणि ज्यात गायक सगळ्यांत हळू गातो तो अंतरा. अख्खं गाणं नको, आलेली माणसं तेच रात्री पुन्हा ऐकणार आहेत.

आता थंडी. डिसेंबर-जानेवारीत गंगापूर धरणाच्या बाजूला उघड्यावर वाजवायचं असेल तर गिटार वाजवण्याआधी किमान अर्धा तास पेटीबाहेर, स्टेजवरच ठेवा. गाडीतल्या उबेतून काढून लगेच ट्यून केलीत तर गारठ्यात तारा आकसतात आणि सूर वर चढतो. दिव्यांखाली तापल्या की परत उतरतो. आम्ही एकदा सातला ट्यून करून आठला चढलो, दोन्ही गिटारी चढलेल्या, पण वेगवेगळ्या चढलेल्या. कीबोर्ड तेवढा जागच्या जागी. पहिलं गाणं ऐकून समोरच्या काकांनी शाल डोक्यावरून घेतली, ती थंडीमुळे असं मी स्वतःला आजही सांगतो. पेडलचा ट्यूनर घ्या आणि दर दुसऱ्या गाण्याला पाहा. पावसाळ्यात भानगड वेगळी, लाकूड फुगतं, मान वाकते आणि तारा पट्ट्यांपासून उचलल्या जातात. त्यासाठी वादकाने जून उजाडताच गिटार दुरुस्तीवाल्याकडे न्यावी.

आणि कानात प्लग घाला. १०० डेसिबलला कान पंधरा मिनिटंच सुरक्षित धरतात, आणि ड्रमशेजारी तेवढा आवाज रोजचा.

वाजवताना

तार तुटते. ज्याची तुटली त्याने थांबायचं नाही, उरलेल्या पाचांवर गाणं संपवायचं. पुढचं गाणं कुठलं घ्यायचं हे आधीच ठरलेलं असावं, एका गिटारीवर निभणारं. लाईट गेली तर ड्रमरने वाजवत राहायचं, कारण त्याला वीज लागत नाही. आमच्या आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या अशाच एका अंधारातल्या मिनिटाला पडल्यात.

फर्माइशी येतात. ‘दादा, ते डान्सचं लावा ना.’ वाजवा म्हणत नाहीत, लावा म्हणतात. चिडू नका. एका मराठी नाचाच्या गाण्याचा मुखडा आणि एक अंतरा आपल्या पद्धतीने बसवून ठेवा, पण ते शेवटून दुसरं. आधी वाजवलंत तर तीच फर्माइश दर दहा मिनिटांनी येते. प्यालेला पाहुणा माइक मागायला आला तर त्याच्याशी गायकाने बोलायचं नाही, बेसवाल्याने बोलायचं. बेसवाला कुणाच्या ओळखीचा नसतो.

दहाचा काटा आणि परवाने

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर आणि वाद्यं बंद, सभागृहासारख्या बंदिस्त जागांचा अपवाद. गच्ची, लॉन्स, ताडपत्रीचा मांडव हे बंदिस्त नव्हे, मालक काहीही म्हणो. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. आपला कार्यक्रम त्या दिवसांत येतो का, ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. मुंबईचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह, जिथे १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरायचा, ते याच शांतता क्षेत्राच्या नियमापायी रॉकला मुकलं. तिथे चाललं नाही, तर आपल्या गच्चीवर कोण चालू देईल?

म्हणून वेळापत्रक उलटं लावा. १० ला वीज बंद, म्हणजे पावणेदहाला शेवटचं गाणं संपलेलं. ८ ला सुरुवात, ७ पर्यंत साउंड चेक, ५ ला सामान दारात, ४ ला गाळ्यातून गाडी सुटलेली. साडेनऊला निरोप येणारच, ‘आत्ता कुठे रंग चढलाय, अजून अर्धा तास.’ नाही म्हणायचं, हसून. पोलिसांची गाडी आली की शेठ आत असतात आणि माइकसमोर तुम्ही.

लाउडस्पीकरची लेखी परवानगी जागेच्या मालकाने काढायची. दुसऱ्यांची गाणी जाहीर कार्यक्रमात वाजवण्यासाठी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना लागतो, तोही सहसा आयोजक काढतो. कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, लग्नसमारंभ आणि धार्मिक विधींना सूट आहे, कॅफेला नाही. स्वतःची गाणी असतील तर लेखक-संगीतकार म्हणून तुम्हीही आयपीआरएसचे सभासद होऊ शकता. कंपनीच्या कार्यक्रमात टीडीएस कापला तर कुणाच्या पॅनवर कापला ते त्याच आठवड्यात पाहा आणि रिटर्न भरताना परत मागा.

आवराआवर

शेवटचं गाणं संपलं की लोक बोलायला येतात. एकाने लोकांशी बोलायचं, चौघांनी वायरी गुंडाळायच्या, आळीपाळीने. वायर कोपराभोवती करकचून गुंडाळू नका, आतली तांब्याची तार तुटते. एक वेढा सरळ, एक उलटा, हातावर सैल. साउंडवाल्या मामाच्या आणि आपल्या केबल सारख्याच दिसतात, म्हणून आपल्या दोन्ही टोकांना लाल टेप.

निघण्याआधी मोजणी. आमच्या यादीत २६ नग आहेत, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली. सगळ्यांत जास्त वेळा मागे राहिलेली वस्तू म्हणजे पेडलबोर्डचा अडॅप्टर, कारण तो सोफ्यामागच्या बोर्डात असतो आणि तिथे कुणी वाकून पाहत नाही. मोजणीचं काम ड्रमरला देऊ नका. त्याची सकाळी सातची पाळी असते, आणि तोवर तो छोट्या हत्तीच्या पुढच्या सीटवर, मांडीवर स्नेअर घेऊन, झोपलेला असतो.